कापूस आणि वडाचा चीक

सरला आजी संध्याकाळच्या गाडीने नाशिकहून परत येणार होत्या आणि त्यांच्या कुत्र्याची सकाळीच पार रया गेली होती.

कुत्र्याचं नाव कापूस. सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या सोसायटीत त्याला ओळखत नाही असं कोणी नव्हतं. पांढराशुभ्र रंग, अंगभर फुगलेले केस, पाठीवर वळवलेली शेपटी. लांबून पाहणाऱ्याला पिंजलेल्या कापसाचा ढीगच चार पायांवर चाललाय असं वाटायचं. सरला आजींनी त्याला पिल्लू होता तेव्हापासून वाढवलं होतं. आता मात्र त्या कायमच्या मुलीकडे नाशिकला राहायला जाणार होत्या, आणि कुत्रा नुसता खोलीत आला तरी जावईबापूंच्या शिंका थांबत नसत. कापसाची सोय लावणं भाग होतं. चलथाणला त्यांचा भाचा योगेंद्र राहायचा. त्याच्या घराला मोठं अंगण होतं आणि तो कुत्रा घ्यायला एका पायावर तयार होता. दुसरं घर होतं अगदी भिंतीला भिंत लागून असलेलं, पल्लवीचं. तिथे अंगण नव्हतं. तिथे पल्लवी होती.

"मी नाशिकला जाऊन खोलीबिली लावून येते," सरला आजी निघताना म्हणाल्या होत्या. "तोवर कापूस तुझ्याकडे. आल्यावर बघू, त्याला कुठे ठेवायचं ते."

'आल्यावर बघू' हे दोन शब्द पल्लवीने मनात घट्ट धरून ठेवले होते. सहावीतली ही पोर एरवी स्वतःचा कंगवा कुठे ठेवला ते शोधत घरभर फिरायची. पण या दिवसांत तिने कापसाचं पाणी, कापसाचं जेवण, कापसाचं फिरणं, काही म्हणून चुकवलं नव्हतं. "ही परीक्षा कुत्र्याची आहे की हिची?" तिची आई जयश्री हसून म्हणायची. पल्लवी हसायची नाही. परीक्षा कोणाची ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि आज, निकालाच्याच दिवशी, सगळं बिनसलं.

आज वटपौर्णिमा. सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या वडाभोवती सकाळपासून बायकांची गर्दी. तारांना लागतात म्हणून त्या वडाच्या फांद्या आदल्याच दिवशी छाटल्या होत्या. छाटलेल्या फांद्यांचा ढीग बुंध्याशी तसाच पडला होता आणि झाडाच्या ताज्या घावांतून पांढरा चीक टपटप गळत होता. बायकांनी ढीग जरा बाजूला सारला आणि पूजा सुरू केली. वडाला गुंडाळायचं सूत म्हणजे खरं तर साधं कापसाचं. पण ज्यांच्या घरातली माणसं दिवसरात्र लूमवर उभी असतात त्यांनी बाजारातून सुताची गुंडी कशाला विकत आणावी? जयश्रीच्या नवऱ्याने, हेमराजने, कारखान्यातून पॉलिएस्टरच्या धाग्याचा उरलेला एक कोन आणून दिला होता. शंकूसारख्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेला, चकचकीत, संपता संपेना असा धागा. सगळ्या आळीने तोच वापरला.

"तुटतच नाही गं," एक जण म्हणाली.

"बरंच आहे. सात जन्म काय, सतरा जन्म सुटायचा नाही नवरा!" जयश्री म्हणाली, आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

पल्लवी कापसाला फिरवून तिथूनच परत चालली होती. कुणीतरी हाक मारली, "अगं, प्रसाद घेऊन जा." समोर आंबा आला. प्रसाद एका हाताने कसा घ्यायचा? तिने दोन्ही हात पुढे केले. आणि दोन्ही हात पुढे करायचे म्हणजे कापसाचा पट्टा सोडावा लागला.

तेवढ्यात बुंध्यावरून एक खार सुरकन् खाली आली.

कापूस सुटला. बायका वडाला उजवी घालून चालल्या होत्या, हा डावीकडून निघाला. एक फेरी, दुसरी फेरी. खार केव्हाच वर पोचली होती तरी याचं धावणं चालूच. धागे त्याच्या छातीला, पायांना, शेपटीला लपेटत गेले. तुटणारा धागा असता तर तुटला असता. हा काही तुटेना. शेवटी चारी पाय बांधलेला कापूस कोलमडला तो थेट छाटलेल्या फांद्यांच्या ढिगात, आणि सुटायला म्हणून तिथे मनसोक्त लोळला.

"अरे देवा, कुत्र्याने उलटी प्रदक्षिणा घातली!" कुणीतरी ओरडलं.

"त्याची बायको मागच्या जन्मीची असेल, सुटायला बघतोय," दुसरी म्हणाली.

हसू कुणालाच आवरेना. जयश्रीने धावत येऊन झाडाकडचे धागे कसेबसे सोडवले आणि पल्लवीच्या हातात कुत्रा दिला. "घरी ने. मी पूजा उरकून आलेच."

पल्लवीने मात्र घरी न नेता त्याला आधी पाण्याच्या टाकीजवळच्या नळावर नेलं. केसांवर पांढरे थेंब दिसत होते. दुधासारखे दिसतात म्हणजे दुधासारखे धुतले जातील, असा तिचा हिशेब. तिने पाणी ओतलं, अंगाचा साबण चोळला, जोरात चोळला. थेंब धुतले तर गेलेच नाहीत, उलट पसरले. चोळेल तिथे केसांची चिकट दोरी होऊ लागली. त्यावर धूळ बसली, वडाची पानं बसली, साबणाचा फेस बसला. पांढऱ्या कापसाच्या डाव्या अंगावर मातकट काळपट गोळे झाले आणि त्यांत तो चकचकीत धागा अडकून राहिला.

कापसाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि शेपटी हलवली. शेपटीही चिकटली होती, म्हणून अर्धीच हलली.

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं.

घराच्या ओट्यावर तिचे आजोबा, दगा आबा, दाढी करून नुकतेच टेकले होते. आबा उधन्याच्या एका मिलमध्ये साड्यांवरचे डाग काढायचं काम करायचे. मशीनचं तेल उडालं, ग्रीसचा ठसा बसला, कुणाच्या चहाचा थेंब सांडला की कापडाचा तो अख्खा ताका आबांच्या टेबलावर येई. आज रविवार, म्हणून ते घरी होते.

"अय पोरी, हाई काय शे?" कापसाला बघून ते ताडकन उठले. घरात ते अधूनमधून अहिराणीत बोलायचे. पल्लवी मराठीत उत्तर द्यायची आणि मध्येच हिंदी-गुजराती घुसवायची. दोघांचं छान जमायचं.

"वडाचा चीक आहे आबा. आणि मम्मीचा धागा. आणि मी साबण लावला. आणि आता... आता आजी त्याला चलथाणला देऊन टाकतील."

एवढं बोलून ती रडायलाच लागली.

आबांनी तिला रडू दिलं. घाई करून रडणं थांबवता येत नाही, हे त्यांना तीन नातवंडांनी शिकवलं होतं. मग ते उकिडवे बसले, चष्मा नाकावर सरकवला आणि एक गोळा दोन बोटांत हलकेच धरून पाहिला. टेबलावर डागाळलेली साडी आली की ते असंच बघायचे.

"डाग आला की मी काय करतो?" त्यांनी विचारलं.

"त्याला विचारता, तू कोण," पल्लवी नाक ओढत म्हणाली. हे तिला पाठ होतं.

"हां. ह्याने सांगितलं का काही?"

"हा पाण्याने जात नाही."

"मग सांगितलं की त्याने. झाडाचे रस काही एक जातीचे नसतात, बेटा. बाभळीचा डिंक असता तर कोमट पाण्यात विरघळला असता. तू खातेस ना डिंकाचे लाडू? तो पाण्याचा सोबती. हा वडाचा चीक म्हणजे रबराचा भाऊ. पाणी घातलं की आणखी हट्टाला पेटतो. तुझी चूक नाही, तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालं."

ते उठून आत गेले आणि माळ्यावरून एक छोटी बाटली घेऊन आले. मिलमध्ये डाग काढायला वापरतात ते औषध. झाकण उघडताच पेट्रोलसारखा वास ओट्यावर पसरला. आबांच्या चेहऱ्यावर कामाला लागणाऱ्या माणसाची कळा आली. त्यांनी फडक्याच्या टोकाला दोन थेंब घेतले.

"ह्यापुढे काही टिकत नाही. ग्रीस जातं, डांबर जातं, चीक तर काय. पण एकदम मोठ्या डागावर जायचं नाही. आधी कोपऱ्यात बघायचं. साडीचा पदर आतून, तसं इथे शेपटीचं टोक."

कापसाने फडक्याचा वास घेतला, सडकून एक शिंक दिली आणि मान वळवून आपली चिकट मांडी चाटायला सुरुवात केली.

पल्लवी त्याच्या जिभेकडे बघत राहिली. "आबा," ती म्हणाली, "साडी स्वतःला चाटते का हो?"

आबांचा हात हवेत थांबला.

त्यांनी फडक्याकडे पाहिलं, मग कापसाच्या गुलाबी जिभेकडे, मग बाटलीकडे. "ओ माय व," ते हळूच म्हणाले. त्यांनी झाकण घट्ट लावलं, फडकं लांब उन्हात टाकलं आणि साबणाने हात कोपरापर्यंत धुऊन आले.

"जन्म गेला कापडासोबत," ते येऊन बसत म्हणाले. "कापडाला कातडी नसते, जीभ नसते. ह्याच्या अंगावर जे लावू ते ह्याच्या पोटात जाणार. चांगलं झालं तू विचारलंस. आता ऐक. ह्याला असंच काहीतरी लावायचं, जे ह्याने चाटलं तरी चालेल."

"मग काय लावायचं?"

"ते अजून माले ठाऊक नही," आबा म्हणाले. "पण जे ठाऊक आहे तेवढं आधी करू. हा चीकही त्याच्या पोटात जायला नको."

त्यांनी साडीचा एक रिकामा खोका फाडला, त्याला गोल भोक पाडलं, कडेला जुनं मऊ फडकं शिवलं आणि कापसाच्या गळ्यात पुठ्ठ्याची कॉलर बसवली. खोक्यावर नटलेल्या बाईचा फोटो होता. आता त्या बाईच्या हसऱ्या चेहऱ्याच्या वर कापसाचं वैतागलेलं तोंड दिसू लागलं. पल्लवीला रडता रडता हसू फुटलं.

"आता धागे," आबा म्हणाले. "हे काम माझं नाही. तुझं."

पल्लवीची आई घरी बसून धागा कटिंगचं काम करायची. भरतकाम केलेल्या साडीच्या मागच्या बाजूला लांबलांब धागे लोंबत राहतात. ते कापडाला जराही न लागता छाटायचे. सुट्टीत आईशेजारी बसून बसून पल्लवीचाही हात त्यात बसला होता. तिने आईची छोटी बोथट टोकाची कात्री आणली. धाग्याखाली आधी आपलं बोट घालायचं, धागा बोटावर उचलायचा, कात्री बोटाच्या बाजूने ठेवायची, मग कट. कातडी बोटाच्या पलीकडे सुरक्षित. चकचकीत धाग्याचे तुकडे एकेक करून ओट्यावर पडू लागले. कापूस जरा हलला की ती थांबायची, त्याच्या कानामागे खाजवायची, मग पुन्हा सुरू.

आबा फक्त कॉलर धरून बसले होते. "ओढू नको. अडकला तर तिथून सोड, दुसरीकडून ये," एवढंच मधूनमधून म्हणत.

सगळे धागे निघाले तरी गोळे जिथल्या तिथे होते.

तेवढ्यात जयश्री पूजेचं ताट घेऊन आली. नवी जरीची साडी, नाकात नथ, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. "बाबा, जरा ताट घ्या हो हातातून. कापसाचे धागे सोडवताना बोटं अशी चिकटलीत, साडीला लागलं तर साडी गेलीच समजा." ताट सासऱ्यांच्या हाती देऊन ती तशीच आत गेली. पल्लवी पाणी प्यायला म्हणून तिच्यामागे गेली होती. तिने पाहिलं, आईने कोपराने डबा पुढे ओढला, तळहातावर चमचाभर तेल घेतलं आणि बोटं एकमेकांवर चोळली. चिकाची काळपट वळवटं सुटून आली. आईने ती कागदाने पुसून टाकली, हात धुतले, आणि पदर खोचला. तिच्या लेखी त्यात काही विशेष नव्हतंच.

"मम्मी! हे काय केलंस?"

"काय केलं?"

"तेल!"

"अगं, चीक तेलाने नाही काढायचा तर कशाने? फणस कापताना आपण हाताला तेल नाही का लावत? कच्च्या पपईलासुद्धा..." जयश्री बोलता बोलता थांबली आणि लेकीच्या तोंडाकडे बघून हसायला लागली.

पल्लवी तेलाचा डबा छातीशी धरून बाहेर धावली. "आबा, तेल! आपण खातो तेच तेल. चाटलं तर चाटलं!"

आबा क्षणभर डब्याकडे बघत राहिले आणि मग मांडीवर थाप मारून खो खो हसले. "अरे वा! कपड्यावरचं तेल काढता काढता माझे केस पिकले, आणि आज तेलानेच डाग काढायचा? मिलमधल्या पोरांना सांगितलं तर म्हणतील, म्हातारा कामातून गेला." मग त्यांनी डब्यावरचं लेबल वाचलं. कपासिया तेल होतं, सुरतेत घरोघरी असतं ते, सरकीचं. "म्हणजे हा तर कापसाचाच नातेवाईक निघाला."

पुन्हा शेपटीच्या टोकापासून सुरुवात झाली. पल्लवीने बोटावर थोडं तेल घेतलं, एका गोळ्यात मुरवलं आणि बोटांच्या पेरांनी हळूहळू चोळलं. काहीच झालं नाही. ती आबांकडे बघायला लागली.

"वेळ दे त्याला. तेल आत शिरायला वेळ लागतो. तोवर गप्पा मार."

"कोणाशी?"

"कापसाशी. त्याचंच काम चाललंय ना."

तिने कापसाला गणिताच्या बाईंबद्दल सांगितलं. बाईंचं सांगून होतंय तोवर गोळा मऊ पडला होता. आबांनी तिला केस मुळाशी दोन बोटांनी धरायला शिकवलं, म्हणजे कंगवा कितीही अडला तरी ओढ कातडीला बसत नाही. आणि कंगवा टोकाकडून सुरू करायचा, मुळाकडून नाही. मोठ्या दातांच्या कंगव्यावर पहिला मऊ काळा गोळा आला तेव्हा पल्लवी ओरडलीच, "निघाला!" कापूस दचकून उठला, कॉलर भिंतीवर आपटली आणि साडीवाल्या बाईचं नाक चेपलं.

एक सुटला, दुसरा सुटला. काम हळू होतं, पण होत होतं. जयश्रीही पदर खोचून बसली. आणि तिच्याच फोनची रिंग वाजली.

"हो मावशी... काय? उधन्याला?... बरं बरं, या या." फोन ठेवून तिने दोघांकडे पाहिलं. "सरला मावशी सकाळच्याच गाडीने निघाल्या होत्या. उधना स्टेशनवर उतरल्यात. रिक्षात बसतायत."

कापसाची अर्धी बाजू तेलाने निथळत होती. पोटाजवळ आणि मांडीवर सर्वांत मोठे गोळे अजून तसेच होते.

"मम्मी, आता?" पल्लवीचा आवाज अगदी बारीक झाला.

"कातरून टाक बाई तेवढं," जयश्री म्हणाली. "केसच आहेत, येतील परत. वरून बाकीचे केस फिरवले की दिसायचंही नाही."

पल्लवीने कात्री उचलली. तिला ते चित्र स्पष्ट दिसलं: स्वच्छ कापूस, खूश आजी, आणि संध्याकाळी तो आपल्या पायाशी झोपलेला. एवढ्याशा दोन-चार कटांवर ते सगळं होतं. तिने आबांकडे पाहिलं. आबा तिला नको म्हणाले नाहीत.

ते म्हणाले, "आधी बोट घाल. धाग्याखाली घातलंस तसंच."

तिने पोटाजवळच्या गोळ्याखाली बोट सरकवायला घेतलं. बोट जाईना. गोळ्याखाली केस शिल्लकच नव्हते. चिकाने कातडीच वर ओढून धरली होती, तंबूचं कापड काठीवर उचलावं तशी. ऊन ऊन, पातळ, आणि आत कापसाचा श्वास वरखाली होत होता. केस कुठे संपतात आणि कापूस कुठे सुरू होतो तेच समजत नव्हतं.

कापूस तिच्याकडे बघत होता. तिच्या हातात कात्री आहे याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

पल्लवीने कात्री खाली ठेवली.

"बघू देत आजींना," ती म्हणाली. "कसा आहे तसाच बघू देत. तेल दे मम्मी."

जयश्रीने डबा पुढे केला. आबांनी चष्मा काढला, उगाचच पुसला आणि पुन्हा लावला.

पोटाजवळच्या गोळ्यात तेल मुरत होतं तोवर आबा म्हणाले, जिथलं सुटलंय तिथलं तेल तरी टिपून घेऊ. पाणी घालण्याआधी कोरडं पीठ लावायचं, ते तेल ओढून घेतं. जमिनीवर तेल सांडलं की आपण नाही का पीठ टाकत. घरात पटकन हाती लागलं ते बेसन. पल्लवीने मुठीने बेसन भुरभुरलं, कापसाच्या तोंडाला आणि डोळ्यांना नाही, फक्त पाठीवर आणि कुशीवर. सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा कापूस तेलात न्हालेला, बेसनात घोळलेला आणि गळ्यात साडीचा खोका घातलेला असा ओट्यावर उभा होता.

सरला आजी पिशवी घेऊन पायरीशी आल्या आणि तिथेच थबकल्या.

"दगा भाऊ," त्या शेवटी म्हणाल्या, "कढई चढवली का हो?"

कापूस आवाजासरशी उसळला. कॉलर दाराला धडकली, बेसनाचा ढग उठला. जयश्रीला हसू आवरेना. पल्लवी मात्र हसली नाही. ती उठून उभी राहिली, आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसं सगळं एका दमात बोलून टाकलं.

"आजी, माझ्यामुळे झालं. मी पट्टा सोडला. प्रसादाला दोन्ही हात लागतात म्हणून सोडला, पण सोडायला नको होता. तो वडाच्या चिकात लोळला. मी पाणी आणि साबण लावून आणखी बिघडवलं. आबांनी मिलचं औषध आणलं होतं, पण लावलं नाही. मी कात्री पण घेतली होती. ती पण नाही चालवली. पोटाजवळचं अजून निघालेलं नाही. तुम्हाला त्याला चलथाणला द्यायचा असेल तर..." इथे कविता संपली. पुढची ओळ तिला येईना.

सरला आजींनी पिशवी खाली ठेवली. त्या ओट्यावर बसल्या, कापसाला जवळ घेतलं, आणि बोटांनी त्याची डावी कूस चाचपली. मग पोट. तिथल्या गोळ्याला हात लागताच पल्लवीने श्वास रोखला. कापूस फक्त डोळे मिटून उभा राहिला.

"गुरगुरला नाही हा?" आजींनी विचारलं.

"नाही. म्हणजे हलला. पण मी थांबले ना, की तोही थांबायचा."

"माझ्यावर तर नेहमी गुरगुरतो. कंगवा दिसला की पलंगाखाली." सरला आजींनी तेलकट बोटं एकमेकांवर चोळली. "एकदा, आमचे हे होते तेव्हा, रंगाचा डबा सांडला होता याच्या अंगावर. हे गडबडीने कातरायला गेले, जरा कातडीला लागलं. तेव्हापासून याला कात्री आणि कंगवा एकच वाटतात." मग त्यांनी पदर खोचला. "बठ आठे, माझ्या शेजारी. तो गोळा तू धर, मी कंगवा धरते. आपण दोघी मिळून काढू."

दोघींनी मिळून काढला. पल्लवीने मुळाशी केस धरले, आजींनी टोकाकडून कंगवा घातला, तेल आणखी लागलं, गप्पा आणखी लागल्या. जयश्रीने चहा केला, तो गार झाला, पुन्हा गरम केला. शेवटचा गोळा सुटला तेव्हा सगळ्यांची बोटं चिकट होती आणि कापसाच्या पोटावर एक लालसर ठिपका सोडता कुठे खरचटलंही नव्हतं.

"तो उद्याही लाल दिसला तर डॉक्टरांना दाखवू," आबा म्हणाले.

मग अंघोळ. सरला आजींनी घरून कापसाचा शॅम्पू आणला आणि बादलीत कोमट पाणी घेतलं. पल्लवी तांब्या भरून पाठीवर ओतणार, एवढ्यात आजींनी तिचा हात धरला.

"डोक्यावरून नाही. आधी पायांवर घाल, मग पोटावर, मग पाठीवर. डोकं शेवटी, ते पण ओल्या फडक्याने. कानात पाणी गेलं तर रात्रभर डोकं हलवत बसतो."

"बरं."

"शॅम्पू दोनदा लागेल आज, तेल आहे म्हणून. एरवी एकदाच. आणि नीट धुऊन काढायचा, राहिला तर खाजवतो."

"बरं."

"भाकरी गरम दिली तर तोंड लावत नाही. गार करून द्यायची. दिवाळीत फटाके सुरू झाले की बाथरूममध्ये जाऊन बसतो, तेव्हा दार ओढून घ्यायचं नाही, उघडं ठेवायचं. आणि आवाज चढवून बोललेलं त्याला..."

पल्लवीच्या हातातला तांब्या हळूहळू खाली आला. तिने आजींकडे पाहिलं, मग आईकडे, मग आबांकडे. आबा अगदी मन लावून आपल्या चहाच्या कपात बघत होते.

"आजी," ती म्हणाली, "हे सगळं मला कशाला सांगताय?"

"मग कोणाला सांगू?" सरला आजी म्हणाल्या. त्यांचा हात कापसाच्या पाठीवर फेस करत होता. "योगेंद्राला संध्याकाळी फोन करते. त्याच्याकडे अंगण आहे, पण तो सगळं घाईत करतो. लहानपणापासून घाईतच. चार दिवसांनी भेटायला आला तरी जोडे न काढताच परत निघतो." त्यांनी पल्लवीकडे पाहिलं. "मला मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. कुत्रा समोर धरून."

पल्लवीला उडी मारायची होती, आजींच्या गळ्यात पडायचं होतं, ओरडायचं होतं. पण हात फेसाने भरले होते, आणि कापसाचे पाय तिने घट्ट धरले होते. या वेळी सोडायचे नाहीत, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

कापसाला त्याचं काय! त्याने नाकापासून शेपटीपर्यंत एकदा जोरात अंग झाडलं. फेस आबांच्या चष्म्यावर, जयश्रीच्या नथीवर आणि सरला आजींच्या प्रवासाच्या साडीवर उडाला.

"दगा भाऊ," आजी पदर झटकत म्हणाल्या, "हा डाग जाईल का हो?"

"आधी त्याला विचारू द्या, तू कोण," आबा म्हणाले, आणि चष्मा पुसायला फडकं शोधू लागले.